गायीला जुळी वासरं झाली तर: विण्याच्या आधीपासून पुढच्या गाभणपणापर्यंत काय करायचं

जुळ्यात एक गोऱ्हा आणि एक कालवड असेल, तर ती कालवड बहुतेक वेळा आयुष्यात कधीच गाभण राहत नाही. नव्यानं गायी पाळणाऱ्यांना ही गोष्ट फार उशिरा कळते. कालवड दिसायला धडधाकट असते, नीट खाते, अंगानं भरते. ती जीव लावून वाढवली जाते आणि मग माज दिसत नाही म्हणून गोळ्या-इंजेक्शनं सुरू होतात. त्या औषधांनी काही होणार नसतं, कारण तिच्या पोटात गर्भाशय पुरतं तयारच झालेलं नसतं. हे पहिल्या महिन्यातच समजू शकतं आणि तसं समजून घेणं अवघड नाही.

दुसरी बाजू गायीची. जुळं झालं की सगळ्यांचं लक्ष वासरांकडे जातं. खरा धोका त्या वेळी गायीला असतो. वार (वासरामागून पडणारा जार) अडकणं, ताप, खाणं सुटणं, पुढचा माज लांबणं हे सगळं जुळ्यानंतर जास्त होतं. म्हणून खालच्या पायऱ्या गायीपासून सुरू होतात आणि गायीपाशीच संपतात.

१. पोटात दोन आहेत का, हे लवकर बघून घ्या

दुधाळ जातींत जुळ्यांचं प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के असतं, मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातींत १ टक्क्याच्या आसपास. पहिलारू गायीत ते कमी असतं आणि वेतागणिक वाढतं. भरपूर दूध देणाऱ्या गायीत जुळी जास्त होतात. अशी गाय खूप खाते, तिच्या यकृतातून रक्त जोरात फिरतं, प्रोजेस्टेरॉन (गाभणपण टिकवणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन) लवकर निचरून जातं आणि एकाऐवजी दोन बीजं पिकून सुटतात. त्यामुळे गायीतली बहुतेक जुळी दोन वेगळ्या बीजांची असतात. एकाच गर्भाचे दोन भाग होऊन झालेली जुळी थोडी.

वंशाचाही यात हात असतो. अमेरिकेत नेब्रास्कातल्या क्ले सेंटर इथल्या सरकारी संशोधन केंद्रानं १९८१ पासून जुळी देणाऱ्या गायींची निवड करत करत त्या कळपातलं जुळ्यांचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर नेलं होतं. घरच्या गोठ्यात मात्र कुणी मुद्दाम जुळ्यांच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाय भरवल्यापासून ३० ते ६० दिवसांच्या दरम्यान सोनोग्राफी करून घ्या आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा, "गर्भ किती आहेत तेही बघा." गाभण आहे की नाही एवढंच विचारलं, तर घाईच्या तपासणीत दुसरा गर्भ बघायचा राहून जाऊ शकतो. नुसत्या हातानं तपासताना तर तो सहज निसटतो. दोन्ही गर्भ गर्भाशयाच्या एकाच शिंगात (गर्भाशयाच्या दोन फाट्यांना शिंगं म्हणतात) आहेत की दोन शिंगांत वाटले गेलेत, हेही विचारा. एकाच शिंगात असतील तर गाभ जाण्याचा धोका बराच जास्त असतो. अशा गायीची तपासणी ९० दिवसांच्या सुमारास पुन्हा करावी.

२. गाय लवकर आटवा, खुराक लवकर वाढवा

एका वासराची गाय साधारण २८० दिवसांनी विते. जुळ्याची गाय बहुधा आठवडाभर, कधी त्याहूनही आधी विते. नेहमीच्या तारखेवर विसंबून आटवली, म्हणजे तिचं दूध काढणं बंद केलं, तर तिला भाकड काळ पुरेसा मिळत नाही. नेहमी ६० दिवस आधी आटवत असाल, तर जुळ्याच्या गायीला आणखी ७ ते १० दिवस आधी आटवा. विण्याआधीचा खास खुराकही नेहमीच्या ३ आठवड्यांऐवजी ४-५ आठवडे आधी सुरू करा.

शेवटच्या दोन महिन्यांत तिची दोन्हीकडून अडचण होते. पोटातली दोन वासरं अन्न मागतात आणि तीच वासरं कोठीपोटाची जागा दाबून धरतात. म्हणून एका वेळी भरपूर टाकण्यापेक्षा दिवसातून जास्त वेळा, थोडं थोडं, चांगल्या प्रतीचं द्या. पाणी सतत समोर हवं. अंगानं खंगू देऊ नका, पण चरबीही चढू देऊ नका. १ (अगदी खंगलेली) ते ५ (फार लठ्ठ) च्या मोजपट्टीवर ३ ते ३.५ एवढी अंगस्थिती विताना असावी.

ती दाणा सोडून नुसता चारा चघळायला लागली, झपाट्यानं वाळायला लागली, तोंडाला गोडसर वास यायला लागला, तर ते कीटोसिसचं (खाणं कमी पडून अंगातली चरबी फार वितळल्यानं होणाऱ्या आजाराचं) लक्षण असू शकतं. डॉक्टरांना लगेच बोलवा.

३. आधीच जमवून ठेवायच्या वस्तू

विण्याची अंदाजे तारीख तीन आठवड्यांवर आली की हे सगळं एका बादलीत भरून गोठ्यात ठेवा:

- खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे आणि प्रसूतीच्या वेळी वापरायचं बुळबुळीत जेल
- वासराच्या पायाला बांधायच्या स्वच्छ, उकळलेल्या दोऱ्या, दोन रंगांच्या
- नाळेसाठी ७ टक्के टिंक्चर आयोडीन आणि ते घ्यायला छोटी वाटी
- थर्मामीटर
- कोरडी फडकी किंवा पोती
- बाटली, निपल आणि शक्य असेल तर दुसऱ्या गायीचा गोठवलेला चीक
- कानाचे बिल्ले, वही आणि पेन
- डॉक्टरांचा फोन नंबर, भिंतीवर मोठ्या अक्षरांत

दोऱ्या दोन रंगांच्या का, ते पुढच्या पायरीत येईल.

४. विताना: पाय कुणाचा आहे ते ओळखल्याशिवाय ओढू नका

जुळ्यात गाय अडते ती बहुधा दोन कारणांनी. एक तर गर्भाशय ताणून ताणून थकलेलं असतं, त्यामुळे कळा जोरात येत नाहीत. गाय अस्वस्थ दिसते, शेपूट उचलते, पण कुंथत नाही. दुसरं कारण म्हणजे दोन्ही वासरं एकाच वेळी वाटेत येतात. एकाचं डोकं आणि दुसऱ्याचे पाय एकत्र अडकतात.

आत हात घातला आणि दोन खूर हाताला लागले की ते एकाच वासराचे आहेत असं मनाला आपोआप वाटतं. तिथेच घात होतो. एक पाय धरा आणि बोटं तशीच वर सरकवत न्या. खुराच्या वरचा पहिला सांधा, मग त्याच्या वरचा. दोन्ही सांधे एकाच दिशेला वळत असतील तर तो पुढचा पाय. उलट दिशांना वळत असतील, वरचा टोकदार लागत असेल, तर तो मागचा. पुढच्या पायावरून खांद्यापर्यंत जा, छातीवरून हात आडवा फिरवा आणि पलीकडच्या खांद्यावरून खाली उतरत दुसऱ्या खुरापर्यंत या. ही वाट मध्ये कुठेही तुटली नाही, तरच ते दोन पाय एका वासराचे. त्या पायांना एका रंगाची दोरी बांधा. दुसऱ्या वासराचा पाय मध्ये येत असेल तर त्याला दुसऱ्या रंगाची दोरी बांधून, कळ ओसरल्यावर, हलक्या हातानं आत सारा. आधी जे वासरू बाहेरच्या बाजूला आहे तेच काढायचं.

जुळ्यात एखादं वासरू उलटं, म्हणजे मागच्या पायांनी येणं नेहमीचंच. कंबर बाहेर आल्यावर मात्र थांबू नका. नाळ दाबली गेलेली असते आणि वासराचं नाक अजून आतच असतं.

पहिलं वासरू बाहेर आलं, त्यानं श्वास घेतला, की हात पुन्हा धुऊन, मोजा बदलून आत तपासा. प्रत्येक वेळी, प्रत्येक गायीला, जुळं आहे असं आधी ठाऊक नसलं तरीही. वासरू अपेक्षेपेक्षा लहान असेल तर नक्कीच. गाय शांत झाली म्हणजे आत काही उरलं नाही असं समजू नये. थकलेल्या गर्भाशयात दुसरं वासरू तसंच पडून राहतं आणि मरतं.

पाणमोट फुटल्यावर तासाभरात काहीच पुढे सरकलं नाही, किंवा पाय कुणाचे ते ओळखू येईना, तर जोर लावू नका. डॉक्टर येईपर्यंत गाय उभी राहील, चालेल एवढं बघा. चार माणसांनी मिळून ओढणं हा उपाय नव्हे.

५. वार आणि त्यानंतरचे दहा दिवस

वार एरवी १२ तासांच्या आत पडते. जुळ्यानंतर ती अडकण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. २४ तास उलटूनही लोंबत असेल तर ती अडकली असं धरा.

लोंबणारी वार हातानं ओढू नका. तिला दगड, वीट, चप्पल असलं काही वजन बांधू नका. गर्भाशयाच्या आतल्या गाठींपासून ती जबरदस्तीनं तोडली की जखमा होतात, जंतू शिरतात, आणि पुढे गाय कितीही भरवली तरी उलटत राहते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. जमिनीला लागत असेल तर खालचा भाग कापा, एवढंच.

विल्यानंतरचे दहा दिवस रोज एकाच वेळी ताप मोजा. ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, किंवा पातळ, तांबूस-तपकिरी, घाण वासाचा स्राव येऊ लागला, किंवा गाय चाऱ्यावरून तोंड फिरवू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर हवेत. कान गार पडणं, पाय लटपटणं, मान कुशीकडे वळवून बसणं ही कॅल्शियम कमी पडल्याची खूण आहे. त्यात तर काही तासही हातात नसतात.

६. दोघांना पुरेल एवढा चीक

जुळी वासरं वजनानं कमी असतात आणि अनेकदा दिवस पूर्ण भरायच्या आधी आलेली असतात. त्यांना ऊब आणि चीक दोन्हीची जास्त गरज. अंदाज असा धरा: वजनाच्या १० टक्के चीक, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, पहिल्या २ ते ४ तासांत. एकदम पीत नसेल तर दोनदा करून पाजा. आतड्यातून रोगप्रतिकारक द्रव्यं शोषली जाण्याची ताकद पहिल्या ६ तासांनंतर उतरत जाते आणि २४ तासांत जवळजवळ संपते.

दोघांना कासेला सोडून निश्चिंत होऊ नका. दांडगं वासरू पोटभर पितं, दुसरं ढुशा खात बाजूला उभं राहतं. पिळून, मापानं, बाटलीनं पाजा. गायीचा चीक कमी पडला तर गोठवलेला वापरा. तो ५० अंशांच्या आतल्या कोमट पाण्यात भांडं ठेवून वितळवा. उकळायचा नाही, त्यानं त्यातलं सत्त्व जातं. नाळ लगेच आयोडीनमध्ये बुडवा.

७. जोडी कोणती, हे त्याच दिवशी लिहा

ढोबळ हिशेबानं १०० जुळ्यांपैकी ५० जोड्या गोऱ्हा आणि कालवड अशा, २५ दोन्ही गोऱ्हे आणि २५ दोन्ही कालवडी. दोन्ही कालवडी असतील तर काळजी नाही, त्या इतर कालवडींसारख्याच गाभण राहतात. पण हिशेब नीट बघा. १०० जुळ्यांत ज्या १०० कालवडी जन्मतात, त्यातल्या निम्म्या गोऱ्ह्याबरोबर आलेल्या असतात.

म्हणून बिल्ला मारा आणि वहीत जन्मतारीख, आईचा क्रमांक, आणि "गोऱ्ह्यासोबतचं जुळं" असं स्पष्ट लिहा. गोऱ्हा मेलेला जन्मला असेल तरीही हेच लिहा. तिळं असेल आणि त्यात एकही नर असेल तरी हेच. ही नोंद राहिली नाही की सहा महिन्यांनी गोऱ्हा विकला गेलेला असतो आणि कालवड इतरांत मिसळून गेलेली असते. बाहेरून कालवड विकत घेणाऱ्यांनीही ही नोंद मागून बघावी.

८. कालवड वांझ आहे का, याची तपासणी

अशा वांझ कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या दर १०० कालवडींपैकी ९० ते ९५ अशा निघतात.

कारण वारेत आहे. गर्भ साधारण ३० ते ४० दिवसांचे असताना दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि रक्त इकडून तिकडे वाहू लागतं. नर गर्भाचे वृषण आधी कामाला लागतात. त्यांतून निघणारी संप्रेरकं मादी गर्भात पोचतात आणि तिचं गर्भाशय, गर्भाशयमुख, योनीचा आतला भाग यांची वाढ खुंटते. बीजकोषही नीट घडत नाहीत. १७७९ साली जॉन हंटर या शल्यविशारदानं अशा जनावरांच्या आतल्या अवयवांचं वर्णन लिहिलं होतं, आणि १९१६ साली फ्रँक लिली यांनी वारेतल्या रक्तवाहिन्यांचं आणि संप्रेरकांचं हे कारण मांडलं. ज्या थोड्या जोड्यांत रक्तवाहिन्या जोडल्या जात नाहीत, तिथे कालवड ठणठणीत राहते. म्हणून न तपासता कालवड काढून टाकणंही चुकीचंच, विशेषतः आई चांगल्या दुधाची असेल तर.

तपासायच्या तीन वाटा आहेत.

पहिली, नळीनं मोजणं. वासरू १ ते ४ आठवड्यांचं असताना गोल टोकाची, गुळगुळीत, बोटापेक्षा बारीक नळी निर्जंतुक करून, जेल लावून, योनीत अलगद सरकवतात. साध्या कालवडीत ती १२ ते १५ सेंटिमीटर आत जाते. फ्रीमार्टिनमध्ये ५ ते ८ सेंटिमीटरवरच अडते. नळीवर आधीच खुणा करून ठेवल्या की फरक डोळ्यांना दिसतो. हे काम पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच करून घ्या, आणि त्याच वयाच्या दुसऱ्या, एकट्या जन्मलेल्या कालवडीची लांबी शेजारी मोजून बघा. जोर लावला तर आतली त्वचा फाटते. शिवाय साध्या कालवडीतही पडद्यामुळे नळी मध्येच अडू शकते, त्यामुळे आकडा अधलामधला आला तर निर्णय घेऊ नका.

दुसरी, रक्ताची चाचणी, आणि माझा भर हिच्यावर आहे. फ्रीमार्टिनच्या रक्तात भावाच्या पेशी कायमच्या वस्तीला आलेल्या असतात, म्हणजे तिच्या रक्तात फक्त नरात असणारं वाय गुणसूत्र सापडतं. १९४५ साली रे ओवेन यांनी जुळ्या वासरांच्या रक्तात असे दोन प्रकारचे रक्तगट एकत्र नांदताना दाखवले. एका शरीरानं दुसऱ्याच्या पेशी परक्या न मानता स्वीकारल्या, या निरीक्षणातून पुढे अवयवरोपणाच्या शास्त्राला मोठी दिशा मिळाली. आपल्या कामाचा भाग एवढाच की ही चाचणी पहिल्या काही दिवसांतही करता येते. नमुना रक्ताचाच द्या. केस किंवा कानाचा तुकडा दिला तर त्यात मुख्यतः तिच्या स्वतःच्या पेशी असतात आणि निकाल फसवा येऊ शकतो. दोन्ही वासरांना एकच सुई वापरू नका. गोऱ्ह्याच्या रक्ताचा थेंबभर अंश कालवडीच्या नळीत गेला, तर चांगली कालवड वांझ ठरेल.

तिसरी वाट, ८ ते १२ महिन्यांच्या वयात डॉक्टरांनी हातानं किंवा सोनोग्राफीनं तपासणं. गर्भाशयमुख हाताला लागत नाही, गर्भाशयाच्या जागी दोरीसारखं काहीतरी लागतं. निदान चांगलं होतं, पण तोवर वर्षभराचा चारा तिच्या पोटात गेलेला असतो.

बाहेरून दिसणाऱ्या खुणाही सांगितल्या जातात: योनीच्या खालच्या टोकाला केसांचा झुपका, तिथलाच मोठा झालेला मांसल दाणा, बारीक सड. दिसल्या तर संशय पक्का करा. नाही दिसल्या तर निर्धास्त होऊ नका, कारण अनेक फ्रीमार्टिन बाहेरून अगदी साध्या दिसतात.

एक गोष्ट लक्षात असू द्या. एकटी जन्मलेली कालवडही क्वचित फ्रीमार्टिन निघते. तिचा नर जोडीदार रक्तवाहिन्या जोडल्या गेल्यानंतर पोटातच जिरून गेलेला असतो. वय आणि वजन भरूनही एखादी कालवड अजिबात माजावर येत नसेल, तर माजाची औषधं सुरू करण्याआधी तिचं गर्भाशय तपासून घ्या. शेळ्या-मेंढ्यांत जुळी नेहमीचीच, पण तिथे रक्तवाहिन्या क्वचितच जोडल्या जातात, त्यामुळे बोकडाबरोबर जन्मलेली पाट बहुतेक वेळा चांगलीच असते. तिच्यावर गायीचा नियम लावू नका.

निकाल वांझ आला तर ती कुठल्याही उपचारानं गाभण होणार नाही. ठेवायची की नाही आणि कशी सांभाळायची, हे तुमच्या गोठ्यावर आणि तुमच्याकडच्या कायद्यावर आहे. पण ती विकत असाल तर घेणाऱ्याला खरं सांगून विका. पैदाशीची कालवड म्हणून तिला दुसऱ्याच्या गळ्यात मारणं ही सरळ फसवणूक आहे.

९. गोऱ्ह्याचं काय

जुळ्यातला गोऱ्हा बहुधा चांगला असतो. पैदाशीसाठी ठेवायचा असेल तर वयात आल्यावर वीर्य तपासून घ्या, काहींची प्रत कमी निघते.

१०. गाय पुन्हा भरवताना

जुळ्यानंतर गाय पुन्हा गाभण राहायला वेळ लागतो. विल्यानंतर ४-५ आठवड्यांनी गर्भाशय तपासून घ्या. आत पू किंवा सूज असेल तर आधी त्यावर उपचार. अंगस्थिती अर्ध्या गुणाहून जास्त घसरू देऊ नका. ती घसरली की माज मुका होतो, म्हणजे बाहेरून दिसत नाही, आणि २१ दिवसांचं चक्र हातातून निसटत राहतं. ६० दिवसांच्या आधी भरवायची घाई नको. अडकलेली वार किंवा ताप झाला असेल तर आणखी एक माज सोडा. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी भरवा.

एकदा जुळं दिलेल्या गायीला पुन्हा जुळं होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पुढच्या वेळी लिंगनिश्चित रेतमात्रा (बहुतेक कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडलेलं वीर्य) वापरायचा विचार जरूर करा. तिच्यातून साधारण ९० टक्के कालवडी होतात, म्हणजे जुळं झालंच तरी दोन्ही कालवडी असण्याची आणि दोन्ही पुढे गाभण राहण्याची शक्यता वाढते. मात्र या मात्रेनं गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी मिळतं, म्हणून गर्भाशय पूर्ण निरोगी असल्याची डॉक्टरांनी खात्री दिल्यावरच ती वापरा.